ड्यूमॉन्टचा 5 नंबर चिमटा: दीड वर्ष वापरून

पीएचडीच्या पहिल्या वर्षी पैसे वाचवायला एका पुरवठादाराकडून 'सेम टू सेम' चिमटे मागवले होते. मिटले तरी टोकांमध्ये फट. नर माशीच्या पोटातून ग्रंथी ओढायला जावं, तर ती फुटायची आणि आतला रस सलाइनच्या थेंबात पसरायचा. मला तर तो रसच हवा होता!

शेवटी गाइडच्या मागे लागून हा स्विस चिमटा घेतला.

माझं काम फळमाशीच्या वीर्यातल्या प्रथिनांवर. (आई म्हणते, "केळ्यावरची चिलटंच ना ती?" हो, तीच.) नर जेमतेम अडीच मिलिमीटरचा. एका चिमट्यानं पोट धरायचं, दुसऱ्यानं मागचं टोक पकडून सावकाश ओढायचं. जमलं तर पिवळी, वेटोळी वृषणं आणि सोबत दोन धुरकट पिशव्या अख्ख्या बाहेर येतात. याच सहायक ग्रंथी. सेक्स पेप्टाइड, वीर्यातलं एक छोटंसं प्रथिन, इथे बनतं. अवघी 36 अमिनो आम्लं, पण मीलनानंतर मादी जास्त अंडी घालते आणि पुढच्या नराला झिडकारते ती त्याच्यामुळे. ते शुक्राणूच्या शेपटीला चिकटून राहतं, हळूहळू सुटतं, म्हणून परिणाम दिवसेंदिवस टिकतो. ते नसेल तर मादीनं साठवलेले शुक्राणू तिच्या कोठारातून नीट बाहेरही पडत नाहीत.

हे साठलेले शुक्राणू मोजायला मादी उघडावी लागते, आणि चिमट्याची खरी परीक्षा तिथे. शुक्राणू साठवायची तिची नळी गुंडाळलेली असते. जुन्या चिमट्यानं उलगडायला गेले की तुटायचीच. आतले शुक्राणू जवळजवळ 2 मिलिमीटर लांब, म्हणजे बापाच्या अंगाला थोडेच कमी. ह्या चिमट्यानं नळी सलग उलगडते, आणि माझी मोजणी पहिल्यांदा दोन दिवस सारखी आली.

टोक अर्थातच नाजूक. माझ्या हातून एकदा फरशीवर पडला, टोक वाकलं, तासभर दगडावर घासत बसले. टोपण घातल्याशिवाय खाली ठेवू नका. सलाइनमधून काढल्यावर धुऊन पुसा. गंजाची फार धास्ती असेल तर ड्यूमॉक्सेलचा, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या मिश्रधातूचा घ्या.

आणि घ्यायचेच तर दोन घ्या, दोन्ही हातांना लागतात. लॅबमध्ये कुणी पाकीट फोडायला मागितला, तर सापडत नाहीये म्हणून सांगा.