बिंज इटिंगचा ऑनलाइन कोर्स: डाएट चार्ट नाही तेच बरंय

वजन उतरवायला म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, आधीच सांगते. हा बिंज इटिंग, म्हणजे थोड्या वेळात खूप खाणं आणि थांबताच न येणं, ते थांबवायचा कोर्स आहे, धडे वाचायचे, अ‍ॅपमध्ये नोंदी ठेवायच्या आणि दर आठवड्याला कौन्सेलरशी थोडा वेळ बोलायचं, बस एवढंच. पण मला आधीच्या कुठल्याच डाएटचा इतका उपयोग झाला नाही, कारण इथे सुरुवातच डाएट सोडण्यापासून होते. तीन वेळा जेवण, मधे दोन-तीनदा थोडंसं काहीतरी, आणि ४ तासांच्या वर उपाशी राहायचं नाही, भूक असो वा नसो. ऐकायला उलटंच वाटतं, पण कारण नीट समजावलंय, दिवसभर पोट मारलं की शरीर नंतर ते वसूल करतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना महिनोन्महिने अर्धपोटी ठेवलं होतं, पुढे पोटभर मिळायला लागल्यावर त्यातल्या काहींचं कितीही खाल्लं तरी समाधानच होईना! ते वाचलं आणि मलाच कंट्रोल नाही हे जे डोक्यात बसलं होतं ते जरा सैल झालं.

नोंदी हा सगळ्यात भारी भाग. वेळ, काय खाल्लं, कुठे बसून, जास्त झालंसं वाटलं तर पुढे स्टार, आणि शेवटच्या रकान्यात तेव्हा मनात काय चाललं होतं ते. कॅलरीचा रकानाच नाही. लिहायचं पण लगेच, रात्री आठवून नाही. माझे स्टार बहुतेक दुपारचं जेवण टाळलेल्या दिवशी नाहीतर कोणाशी वाजलं की, हे डोळ्यांनी दिसलं म्हणून पटलं, नुसतं कोणी सांगून पटलं नसतं.

तक्रार एकच पण मोठी. अ‍ॅपमधली स्ट्रीक, म्हणजे बिंज न होता सलग किती दिवस गेले तो आकडा. एकदा बिंज झालं की आकडा थेट शून्य. अहो, एकदा बिघडलं म्हणजे सगळं गेलं हाच विचार तर तुम्ही धड्यांमधून मोडायला शिकवता, मग अ‍ॅपने तोच परत का डोक्यात घालायचा? सेटिंगमधून बंद होते, पण ती मुळात नकोच.

आणि खाल्ल्यावर उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर कोर्सच्या आधी डॉक्टरांकडे जा, नुसत्या अ‍ॅपवर राहू नका. बाकी ज्यांना खाताना थांबताच येत नाही आणि नंतर स्वतःचा राग येतो त्यांनी नक्की घ्या, फक्त कौन्सेलरवाला प्लॅन घ्या, एकट्याने नोंदी ठेवणं मधेच सुटतं.