सर्दीनंतरचा दमा: बंद पडलेलं नेब्युलायझर, साधा स्पेसर आणि पंपावर नसलेला आकडा

नेब्युलायझर वॉरंटीत दुरुस्त करून द्यायला कंपनीने नकार दिला, म्हणून हे लिहायला घेतलं. पावसाळाभर दम्याची सगळी सामग्री वापरून झाली आहे, तेव्हा नुसती तक्रार न करता सगळ्याचंच सांगतो.

जुलैत कोल्हापुरात पाऊस लागून राहिला होता. भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, आणि घरात एकेकाला सर्दी. धाकटीने शाळेतून आणली, शेवटी माझ्यापर्यंत आली. दमा असलेल्यांना पुढचं ठाऊक आहे. नाक मोकळं होतं, घरचे म्हणतात आता बरा झालास, आणि छातीत शिट्टी तिथून सुरू होते. साध्या पडशाच्या विषाणूनेही आमच्या श्वासनलिकांना आतून सूज येते, कफ घट्ट होतो, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. पहाटे तीन-चारला हे सगळं जास्तच जाणवतं. अशाच एका पहाटे मशीन लावलं, मोटर घुरघुरली आणि बंद पडली.

सर्व्हिस सेंटरने आधी बिल मागितलं, मग मूळ खोका मागितला, आणि आठवडाभर फोन करायला लावून सांगितलं की आत ओलावा गेलाय, वॉरंटी लागू नाही. पातळ औषधाचं धुकं करणं हेच या यंत्राचं काम. त्याला पावसाळ्यातली हवा सोसत नसेल तर ते कोल्हापुरात विकू नये. मोटर बदलायचा खर्च ऐकला, त्यात थोडे पैसे घातले तर नवीन मशीन येतं. मी पैसे दिले नाहीत आणि देणारही नाही.

त्या पहाटे निभावलं ते स्पेसरवर, म्हणजे इन्हेलरच्या पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळीवर. नेब्युलायझरच्या किमतीत असे कितीतरी स्पेसर येतील. त्याला वीज लागत नाही, आवाज नाही, बिघडायला मोटर नाही. मशीनवर एक डोस घ्यायला आठ-दहा मिनिटं जातात, तीही लाइट असेल तर. स्पेसरने दोन-तीन मिनिटांत होतं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की दम्याच्या झटक्यात स्पेसर आणि नेब्युलायझर यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत. वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ते एकत्र करून पाहिले, तेव्हा इस्पितळात दाखल होण्याच्या प्रमाणात नेब्युलायझर सरस ठरलं नाही. उलट मुलांमध्ये स्पेसरने नाडीचे ठोके कमी वाढले. अत्यवस्थ रुग्णाची गोष्ट वेगळी, त्याला इस्पितळात ऑक्सिजनसोबत नेब्युलायझर लावतात. पण घरच्या वापरासाठी एवढं महाग मशीन घ्यायला लावणाऱ्या मेडिकलवाल्याने ही माहिती द्यायला हवी होती.

स्पेसर नीट वापरावा मात्र लागतो. पंप हलवायचा, एकच पफ सोडायचा, सावकाश चार-पाच श्वास घ्यायचे, मग पुन्हा हलवून दुसरा. दोन-तीन पफ एकदम सोडले तर बरंचसं औषध आतल्या प्लॅस्टिकलाच चिकटतं. नवा स्पेसर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध ओढून धरते. आमच्याकडे घासूनपुसून लख्ख करायची सवय, त्यामुळे घरात हे दोनदा सांगावं लागलं.

आता ज्याचा मला खरा राग आहे ते. माझ्या निळ्या पंपावर, म्हणजे सालब्युटॅमॉलच्या पंपावर, किती पफ उरलेत हे दाखवणारा आकडा नाही. डब्यात 200 पफ असतात. ते संपल्यावरही पंप फुस्स करतच राहतो, कारण आत गॅस शिल्लक असतो. हलवून पाहिला तर आवाज येतो. तोंडात गार फवारा येतो. फक्त त्यात पुरेसं औषध नसतं. पाण्यात तरंगतो का पाहा, असं अजूनही लोक सांगतात. त्यावरून नक्की काही कळत नाही आणि पाणी जाऊन झडप बिघडू शकते.

हिशेब करून पाहा. झटका आला की पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी 4 ते 10 पफ, असं दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे तासाभरात 30 पफसुद्धा जाऊ शकतात. एरवी वर्षभर पुरणारा पंप एका सर्दीत निम्मा होतो, आणि नेमकं तेव्हाच किती उरलंय हे कळायचा मार्ग नाही. स्कूटरच्या टाकीला काटा असतो आणि श्वासाच्या औषधाला नाही, हे मला पटत नाही. दाबून मारायचा पंप 1956 मध्ये बाजारात आला. इतक्या वर्षांनंतर आकडा दाखवणारं चाक ही काही मोठी करामत उरलेली नाही. दोन पैसे महाग पडला तरी चालेल. मी सध्या पंपाच्या खोक्याला कागद चिकटवून पेन्सिलीने रेघा मारतो. पण पहाटे धाप लागलेली असताना रेघ कोण मारणार?

इथपर्यंतचं ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. गणपतीनंतर पुन्हा सर्दी झाली आणि काही मतं बदलली, म्हणून पुढचं जोडतो.

पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोराची बसते ते मोजणारी नळी. डॉक्टरांनी पूर्वीच घ्यायला सांगितलं होतं, मला तो फुकटचा खर्च वाटायचा. आता घरातली सगळ्यात उपयोगाची वस्तू तीच. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, जोरात एकदम फुंकायचं, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. बरा असताना माझा आकडा 450 येतो. त्याच्या 80 टक्के म्हणजे 360 च्या वर असलो की ठीक, 360 ते 225 सावध, 225 च्या खाली धोका. या सर्दीत घसा खवखवत होता, छाती साफ वाटत होती आणि सकाळी आकडा आला 340. शिट्टी वाजायच्या आधी! डॉक्टरांनी कागदावर लिहून दिल्याप्रमाणे त्याच दिवशी औषध वाढवलं, आणि रात्री सलग झोपलो.

दुसरा बदल औषधाचा. निळा पंप नळ्या तात्पुरत्या मोकळ्या करतो, सूज तशीच राहते. 2019 पासून त्या आंतरराष्ट्रीय सूचनांत स्पष्ट आहे की मोठ्यांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, सूज उतरवणारं इन्हेल्ड स्टेरॉइड हवंच. मला आता बुडेसोनाइड (हे तसलं स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (हे नळ्या मोकळ्या करणारं) एकत्र असलेला पंप दिलाय, रोज तोच आणि त्रास वाढला तर ठरवून दिलेल्या मर्यादेत तोच. नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. आणि या पंपाच्या पाठीवर आकडा आहे! पहिल्यांदा तो कमी होताना पाहिला तेव्हा फार बरं वाटलं. म्हणजे जमतं. मग सगळ्यांत स्वस्त, गावोगावी विकला जाणारा निळा पंप आकड्याशिवाय का ठेवायचा? ज्यांना महाग पंप परवडत नाही त्यांनीच अंदाजाने का जगायचं?

वाफाऱ्याबद्दल आत्याशी वाद नको म्हणून एवढंच: नाकाला बरं वाटतं, दम्यावर तो उपाय नाही. पडशासाठी अँटिबायोटिकवरही पैसे घालवू नका, विषाणूवर ते चालत नाही.

स्पेसरबद्दल एक तक्रार आहेच. झडप आता पूर्वीसारखी चटकन मिटत नाही, पुढच्या पावसाळ्याआधी नवा घेईन. नेब्युलायझर पुन्हा घेणार नाही. घेतलेल्या पंपाचा परिणाम तासा-दोन तासांत उतरत असेल, एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मीटरचा आकडा निम्म्याखाली गेला असेल, तर यातलं काहीच घरी करत बसू नका. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरने पफ घेत राहा.