केळीच्या पेशीत जनुक तोडायचं की दाबायचं? क्रिस्पर आणि आरएनएआय

जळगाव-रावेर पट्ट्यातल्या ग्रँड नैन केळीत एखादं जनुक काय करतं ते तपासायचं असेल, तर आधी हे ध्यानात घ्या: ही केळी त्रिगुणित आहे. प्रत्येक जनुकाच्या साधारण तीन प्रती.

क्रिस्पर-कॅस ९ ही डीएनए कापणारी कात्री जनुक कायमचं तोडते. तिला जागा दाखवणारा आरएनए म्हणजे गाईड, तो २० अक्षरांचा. त्या जागेला लागून डीएनएवर एनजीजी (कोणतंही एक अक्षर आणि पुढे दोन जी) हवंच. काप एनजीजीच्या ३ अक्षरं अलीकडे पडतो. पेशी तो सांधताना अनेकदा चुकते आणि वाचनचौकट, म्हणजे तीन-तीन अक्षरांनी प्रथिनाचा संदेश वाचायची रांग, सरकते. पण ३ च्या पटीत अक्षरं गेली, तर चौकट शाबूत राहते, प्रथिन चालू राहू शकतं. एकच प्रत न तुटता शाबूत राहिली तरी रोप धडधाकट दिसू शकतं, आणि ‘हे जनुक बिनकामाचं’ असा साफ चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून अ‍ॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंगने (कापाभोवतीचा तुकडा वाढवून त्याची अक्षरं वाचणं) तिन्ही प्रती तपासाच. सुरुवात पीडीएस या रंगद्रव्य बनवायला लागणाऱ्या जनुकापासून करावी. ते तुटलं की कोंब पांढरे पडतात, पद्धत चालते हे डोळ्यांनी दिसतं.

आरएनएआय, म्हणजे आरएनए वापरून जनुक दाबणं, त्या जनुकाच्या डीएनएला हात लावत नाही. त्या जनुकाशी जुळणाऱ्या ३०० ते ५०० अक्षरांच्या हेअरपिनचे (स्वतःवरच दुमडलेला आरएनए) पेशीत २१ ते २४ अक्षरांचे तुकडे होतात आणि तिन्ही प्रतींचा संदेश (आरएनए) एकदम घटतो, शून्यावर मात्र क्वचितच. ज्या जनुकाशिवाय पेशी मरते, तिथे हीच पद्धत घ्यावी. मिळत्याजुळत्या क्रमाची इतर जनुकंही दबतात, तेव्हा तुकडा निवडताना ती तपासा. संदेश किती उरला हे मोजणाऱ्या क्यूपीसीआर चाचणीचे प्रायमर (मोजायचा भाग ठरवणारे छोटे डीएनए तुकडे) हेअरपिनच्या भागाबाहेरचे हवेत. नाहीतर हेअरपिनच मोजला जातो आणि जनुक दबलंच नाही असं दिसतं.