अंगकोर की जावा? देवळं निवांत बघणाऱ्यांसाठी

सुट्टी कोणत्या महिन्यातली आहे ते आधी बघा. मे महिन्याची असेल तर निम्मा निर्णय तिथेच होतो. कंबोडियात, म्हणजे अंगकोरला, एप्रिल-मेचं ऊन अंगावर येतं आणि हवाही दमट असते. इंडोनेशियातल्या जावा बेटावर तोवर पाऊस ओसरून कोरडे महिने सुरू होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं गणित बरोबर उलटं. तेव्हा अंगकोरला फिरणं सुखाचं आणि जावात पावसाळा. तारखा तुमच्या हातात असतील तरच पुढचा प्रश्न उरतो.

मी दोन्हीकडे जाऊन आलो, आधी जावातलं योग्यकर्ता शहर आणि दोन वर्षांनी अंगकोरजवळचं सिएम रीप. दोन्ही वेळा आई बरोबर होती, आणि माझ्या मताला तिचा मोठा हातभार आहे. भिंतीवर कथा कोरलेली दिसली की ती पहिल्या चित्रापासून लावत जायची, हा तिचा शिरस्ता. वेरूळच्या कैलास लेण्यातही आम्ही असेच अडकलो होतो.

जावाचं आकर्षण खरं आहे. योग्यकर्त्याला मुक्काम ठेवला की प्रंबाननची हिंदू मंदिरं 17 किलोमीटरवर आणि बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप साधारण 40 किलोमीटरवर. हिंदू आणि बौद्ध, दोन्ही परंपरांची इतकी मोठी कामं इतक्या जवळ, आणि दोन्ही हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. प्रंबाननचं शिवमंदिर 47 मीटर उंच आहे. मधल्या गाभाऱ्यात शिव, दक्षिणेला अगस्त्य, पश्चिमेला गणपती आणि उत्तरेला महिषासुरमर्दिनी. या दुर्गेलाच गावकरी रारा जोंग्रांग म्हणतात, शापाने दगड झालेली राजकन्या. गणपतीच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात आईने अख्खं अथर्वशीर्ष म्हटलं. कठड्याच्या आतल्या बाजूला रामायण आहे आणि ते प्रदक्षिणेच्या वाटेनेच वाचायचं. तिथून चालत सेवू या बौद्ध मंदिरसमूहाकडे गेलो, तर आजूबाजूला फारसं कोणी नव्हतं. प्रंबाननबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

तक्रार आहे ती बोरोबुदूरची, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. कारण तिथला नियम योग्यच आहे. पायऱ्यांचे दगड झिजत चालले, म्हणून आता दिवसाला ठरावीक जणांनाच वर सोडतात, तेही ठरल्या वेळी, गटाने, गाइडबरोबर. पायात त्यांनी दिलेल्या विणलेल्या चपला घालायच्या. त्यांचं नाव ‘उपानत’, म्हणजे आपलं संस्कृतातलं उपानह. आईला तो शब्द ऐकून किती आनंद झाला! चपला घरी न्यायला मिळतात, तिने त्या अजून जपून ठेवल्या आहेत.

पण वरची भेट साधारण तासाभराची. आणि बोरोबुदूर हे तासाभरात बघायचं ठिकाणच नाही. चार मजल्यांच्या सज्ज्यांत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शिल्पपट आहेत. पहिल्या सज्ज्यात तर एकेका भिंतीवर दोन ओळी. म्हणजे सगळं क्रमाने वाचायचं तर पहिल्या सज्ज्याला चार आणि वरच्या तिघांना दोन-दोन, अशा दहा प्रदक्षिणा होतात. पहिल्या सज्ज्यातच बुद्धचरित्राचे 120 पट आहेत, अगदी सारनाथच्या पहिल्या प्रवचनापर्यंत. आईने पूर्वेच्या जिन्यापासून सुरुवात केली. मायादेवी रथातून लुंबिनीला निघाली तिथवर ती पोचली आणि गट वर निघाला. गाइड मनाने चांगला होता, पण बाकीच्यांना जाळीदार स्तूपांपर्यंत जायचं होतं आणि वेळ सर्वांचीच मोजलेली. वरून दिसलेली डोंगररांग सुंदर होती. आईच्या डोक्यात मात्र खाली राहिलेलं चरित्र होतं. उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, “जन्म राहिला रे बघायचा.”

ते वाक्य डोक्यात घेऊनच मी अंगकोरला तीन दिवसांचा पास काढला. 62 डॉलर, आणि दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस वापरा. एका दिवसाचा 37 ला मिळतो, तो घेऊ नका. टुकटुकवाला तुम्हाला ‘छोटं सर्किट, मोठं सर्किट’ अशा भाषेत दिवस आखून देईल. त्यातला एक दिवस तरी फक्त अंगकोर वाट या मुख्य मंदिराच्या ओवऱ्यांसाठी ठेवायला सांगा.

सूर्योदयाला तळ्याकाठी दाटी असते. ती मंडळी न्याहारीला पांगली की ओवऱ्या बऱ्यापैकी मोकळ्या होतात. पश्चिमेच्या दारातून उजवीकडे वळलात की भिंतीवर कोरलेलं कुरुक्षेत्र. शरपंजरी भीष्म आईने माझ्याआधी शोधला. पुढे दक्षिणेची ओवरी संपवून पूर्वेकडे वळलं की जवळपास 49 मीटर लांबीचं समुद्रमंथन, आणि देवांच्या बाजूला वासुकीच्या टोकाशी चक्क हनुमान! ही कथा आपल्याकडे अशी कोणी सांगत नाही. आई तिथे जमिनीवर बसली आणि चाळीसेक मिनिटं बसून राहिली. कोणी उठवलं नाही. आपण इथे उलटे फिरतोय, हेही तिच्याच लक्षात आलं. देऊळ डाव्या हाताला राहतं, अपसव्य. हे मंदिर राजाच्या अंत्यविधीशी जोडलेलं असावं, असं काही अभ्यासक मानतात, त्याचं हे एक कारण.

अंगकोरच्या अडचणीही आहेत. अंतरं मोठी, सावली कमी, आणि मंदिराच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा जिना इतका खडा की आई खालीच थांबली. बौद्ध सणाच्या दिवशी तो टप्पा बंदही असतो. शाकाहारींना जावा थोडं सोपं जाईल असं माझं मत, टेंपे (आंबवलेलं सोयाबीन) आणि गादो-गादोवर (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) निभतं. फक्त त्यात तेरासी, म्हणजे कोळंबीची चटणी, नको, असं आवर्जून सांगायचं. सिएम रीपला भारतीय खानावळी आहेत, पण ख्मेर स्वयंपाकात प्राहोक ही माशांची चटणी कुठेही निघू शकते.

तुम्हाला एकच भव्य दृश्य मनात भरून घ्यायचं असेल, किंवा बुद्धपौर्णिमेला मेंदुत मंदिराहून बोरोबुदूरला जाणारी मिरवणूक गाठता येत असेल, तर जावाला जा, मी अडवणार नाही. पण बरोबर कोणी आईसारखं असेल तर मी सिएम रीपचंच तिकीट काढेन.

तिसऱ्या दिवशी काय बघायचं, असं आईला विचारलं. बांतेय स्रेई या मंदिराच्या गुलाबी दगडातला कैलास हलवणारा रावण तिने आदल्या दिवशी बघितला होता, वेरूळच्या रावणाशी ताडूनही झाला होता. ती म्हणाली, पुन्हा समुद्रमंथन. जाताना पश्चिमेच्या गोपुरातल्या आठ हातांच्या विष्णूपुढे थांबलो. तिथल्या बायका त्याला अजून उदबत्ती लावतात. त्यांच्यातलीच एक आईच्या हातात दोन काड्या देऊन बाजूला सरकली.