रसायनशास्त्राच्या संचापायी गेलेले ७,२०० रुपये

मुलीच्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी रसायनशास्त्राचे छापील साहित्य घेताना माझे ७,२०० रुपये गेले. ही रक्कम मी मुद्दाम पूर्ण लिहीत आहे, कारण लाजेपोटी घरातल्या माणसांनाही मी ती आजवर कमी करूनच सांगत आलो. टेलिग्रामवरच्या एका गटात नामांकित क्लासचे मॉड्यूल, म्हणजे छापील अभ्यास-संच, निम्म्या किमतीत देतो म्हणणाऱ्या एका माणसाकडून मी तो मागवला. संचाचे ४,८५०, कुरियरचे ३५० आणि शंकानिरसनाच्या गटासाठी ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून २,००० रुपये, असे तिन्ही भरणे मी एकाच संध्याकाळी पाऊण तासात केले. पुस्तकांवर अनामत मागणारा माणूस विक्रेता नसतो, एवढे तरी लक्षात ठेवा.

मात्र ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, तो अनामतीच्याही आधीचा होता. पैसे भरण्यापूर्वी त्या विक्रेत्याने बारावीच्या भागाच्या अनुक्रमणिकेचे छायाचित्र पाठवले होते. त्यात सोळा प्रकरणे होती आणि पहिले होते ‘घन अवस्था’. मुलीचे एनसीईआरटीचे पुस्तक त्याच टेबलावर पडलेले होते आणि त्यात दहाच प्रकरणे आहेत. मी फक्त हात लांब करून ते उघडायचे होते, म्हणजे संच जुन्या अभ्यासक्रमाचा आहे हे कळले असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या नीटसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमातून घन अवस्था, पृष्ठरसायनशास्त्र, बहुवारिके, हायड्रोजन, एस-ब्लॉक ही प्रकरणे वगळली गेली, हे मी पालकसभेत ऐकलेले होते. पण मी स्वतः रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. आमच्या वेळी ज्या प्रकरणांवर रात्री जागवल्या त्यांचीच नावे समोर आली, आणि जे ओळखीचे वाटले तेच खात्रीचे मानून मी पिन टाकला. याला कोणी निष्काळजीपणा म्हणेल, पण ते मला मान्य नाही. मी तीन दुकाने फिरलो होतो, नवा संच कुठेही शिल्लक नव्हता, आणि ७२० पैकी १८० गुणांच्या या विषयात मुलगी सर्वांत मागे होती.

अकरा दिवसांनी सहा झेरॉक्स पुस्तिका आल्या. छपाई इतकी पुसट होती की लोहाच्या आयनावर दोन प्रभार आहे की तीन, हेच वाचता येईना. अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांशी निगडित तत्त्वांचा स्वतंत्र घटक आहे, त्याचे एकही पान नव्हते. उत्तरसूचीत झेनॉन टेट्राफ्लोराइडचा आकार चतुष्फलकीय दिलेला होता. झेनॉनवर इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी जोड्या असल्याने तो समतल चौरस असतो, हे मुलीला तिच्या शिक्षकांनी सांगेपर्यंत तिने चुकीचे उत्तर पाठ केले होते. पैशांपेक्षा मला याचा संताप अधिक आहे. कोणताही संच घेण्याआधी पक्की उत्तरे ठाऊक असलेले दहा प्रश्न त्याच्या उत्तरसूचीशी ताडून पाहा. नमुन्याची पाने देत नसेल तर तिथेच विषय संपवा.

त्यानंतर सुरू झाली ती फरफट. बँकेने सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकलात, त्यामुळे आमचा संबंध नाही. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ठेवल्यावर उत्तर मिळाले की पार्सल पोहोचले आहे, म्हणजे ही फसवणूक नसून ग्राहक तक्रार आहे. ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागितला गेला, आणि पार्सलवर तर केवळ एका शहराचे नाव आणि बंद पडलेला क्रमांक होता. त्या क्रमांकावरून पत्ता काढून द्यावा म्हणून पुन्हा ठाण्यात गेलो, तर त्यासाठी आधी गुन्हा नोंदवलेला हवा, आणि गुन्हा नोंदवायचा नाही हे त्यांनीच पहिल्या दिवशी ठरवून टाकलेले होते. तिसऱ्या खेपेला तिथल्या कर्मचाऱ्याने सर्वांदेखत विचारले, ‘एवढे शिकलेले असून फसलात कसे?’ तक्रार लिहून घेणे ज्याचे काम आहे त्याने हा प्रश्न विचारावा, हे मी विसरू शकत नाही. माझ्या अर्जाची पोचही मला चौथ्या खेपेला मिळाली.

पैसे गेल्याचे कळताच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन करा. मी पार्सलची वाट पाहण्यात अकरा दिवस घालवले आणि तोवर रक्कम पुढे गेलेली होती. एनसीईआरटीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, अनुक्रमणिका तिथूनच जुळवा.

टेलिग्रामवरचा तो गट आता नव्या नावाने चालू आहे. मागच्या आठवड्यात मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांना तिथूनच अनुक्रमणिकेचे छायाचित्र आले. ते त्यांनी मला दाखवले, तेव्हा प्रकरणे सोळाच होती आणि पहिल्या ओळीवर घन अवस्थाच होती.