सांता क्रोचे की सांता मारिया नोव्हेल्ला?

फ्लॉरेन्समध्ये एकाच चर्चला वेळ देता येणार असेल, तर कुठे जावं? तिथे पुरलेल्यांची नावं ऐकून बहुतेकांची पावलं सांता क्रोचेकडे वळतात. फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंच्या या चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली यांच्या समाध्या आहेत. चित्रकार जोत्तोची भित्तिचित्रंही आहेत. पण इथल्या पेरुझ्झी चॅपेलमधली (चर्चच्या आतल्या छोट्या प्रार्थनाकक्षातली) ओल्याऐवजी कोरड्या गिलाव्यावर रंगवल्यामुळे फार पुसट झालीत. चित्रकार चिमाबुएने रंगवलेल्या क्रूसाचा बराचसा रंग १९६६च्या पुरात गेला. त्या जखमा आजही दिसतात, आणि बघताना जीव हळहळतो.

तरी माझा कौल डोमिनिकन पंथाच्या साधूंच्या सांता मारिया नोव्हेल्लाला, आणि तो मुख्यतः चित्रकार मसाच्चोच्या ‘पवित्र त्रैक्या’साठी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा). साधारण १४२७ सालचं हे भित्तिचित्र. भिंत सपाट, पण चौकोनाचौकोनांचं कमानदार छत पार आत गेलेलं भासतं! सगळ्या रेषा धावतात तो बिंदू पाहणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर धरलाय. खाली सांगाडा, आणि त्याच्यावर लिहिलेले शब्द: तुम्ही आज आहात तसा मी होतो, मी आज आहे तसे तुम्ही व्हाल. इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळेन.

शिवाय चित्रकार गिरलांदायोची चित्रं आहेत, वास्तुरचनाकार आल्बेर्तीचा संगमरवरी दर्शनी भाग आहे. रेल्वे स्टेशनही शेजारीच, म्हणजे गाडीआधी तासभर मिळाला तरी जमतं.