टिश्यूचं रोप घ्यावं की बियाचं? खानापूरच्या बांधावर देशी झाडं लावताना

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-रायबागकडे टिश्यूची केळी, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं, आता कुणाला नवी नाहीत. त्यामुळे खानापूर-जांबोटीकडे कुणी बांधावर किंवा पडीक माळावर देशी झाडं लावायचं ठरवलं की हमखास विचारतो, यांचीही टिश्यूची रोपं मिळतात का? काहींची मिळतात. घ्यावीत का, हे मात्र झाडागणिक बदलतं.

केळीला बी नाही आणि कोवळा कंद हाताशी असतो, म्हणून तिथं हे तंत्र बसलं. रानातल्या झाडात निवड करायची ती उंच, सरळ, वाढलेल्या झाडाची, आणि नेमकं तेच प्रयोगशाळेत छळतं. डोळ्याचा तुकडा निर्जंतुक करून बाटलीत ठेवला की कापलेल्या टोकातून रस सुटतो, बाटलीतलं माध्यम (तुकड्याचं खाद्य) कोऱ्या चहासारखं होतं आणि डोळा काळा पडतो. त्यातून वाचला तर आतली बुरशी डोकं वर काढते. फुटवे आलेच तर मुळं धरत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं 1980 च्या सुमारास जुन्या सागापासून रोपं केली, त्याचं मोल यामुळेच.

सागात टिश्यूला अर्थ आहे. सागाच्या बीचं कवच टणक. रात्री भिजवा, दिवसा वाळवा, असं आठवडाभर करूनही उगवण निम्म्याच्या आतच राहते. शिवाय रोपं उंचीला आणि सरळपणाला एकसारखी निघत नाहीत. लाकडासाठी लावणार असाल तर निवडक झाडाच्या टिश्यूरोपाला जादा पैसे मोजायला हरकत नाही. नुसती चार झाडं हवी असतील तर सागजड्या, म्हणजे रोपाची शेंडा छाटलेली मुळं, पुरेत.

जांभळाला टिश्यू कशाला, हे मला कळत नाही. ताजी बी पडल्या पडल्या लावली की उगवते, एकीतून दोन-तीन अंकुरही येतात. अट एकच: बी वाळवून डब्यात ठेवायची नाही, पंधरवड्यात तिचा जीव जातो. शिसवीच्या तर मुळांनाच फुटवे येतात.

कोकमाची गोष्ट तिसरीच. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. भरघोस फळणाऱ्या मादी झाडाची कोवळी काडी घेऊन केलेलं कलम स्वस्त आणि खात्रीचं. इथं मी टिश्यूच्या वाटेला जाणार नाही.

माणगा बांबूचं उलट. त्याला बी धरत नाही, आणि कंद खणून काढायचे म्हणजे बेटच विस्कटतं. पाच-पन्नास रोपांना कंद किंवा पेराची कांडी चालते. एकरांनी लावायचा असेल तर टिश्यूच सोयीचं. त्याचं रोप पहिल्या वर्षी किडकिडीत दिसतं, कंदाच्या रोपाएवढा जाड कोंब लगेच मागू नका.

आता जंगलासारखा पट्टा उभा करायचा असेल तर? मग बीच. कोंबापासून केलेली टिश्यूची रोपं एका आईची हुबेहूब नक्कल असतात. एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागू शकतो. ऐन, किंजळ, बिवळा, हिरडा यांच्या बिया एकमेकांपासून लांब उभ्या असलेल्या दहा-बारा झाडांखालून गोळा कराव्यात. बियाच्या रोपाला सोटमूळही मिळतं, फक्त पिशवीत ते गोल फिरण्याआधी लावा. जांभ्या दगडाच्या भरड जमिनीत त्याचा फरक पडतो.

टिश्यूचं घ्यायचंच ठरलं तर नर्सरीत पान बघा. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नसल्यासारखाच असतो आणि त्याची रंध्रं नीट मिटत नाहीत; असं रोप उन्हात दुपारपर्यंत मान टाकतं. पिशवीत आल्यावर फुटलेली नवी, जाडसर पानं दिसली तरच घ्या. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन व्यवस्था 2006 पासून आहे, तिचं लेबल मागा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: ही रोपं किती मातृवृक्षांपासून केलीत? उत्तर ‘एकाच’ असेल, तर सगळी बाग त्यांनी भरू नका.